वाचक विचारतात : एकाच कुशीतली, तरी निराळी

या महिन्याच्या टपालात एकच प्रश्न वेगवेगळ्या घरांतून आला. कुणी जुळ्या मुलींबद्दल विचारलं, कुणी संत्र्याच्या कलमांबद्दल, कुणी गेलेल्या कुत्र्याबद्दल. म्हणून डासांवरची पत्रं पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवते आणि या वेळी हा एकच विषय घेते. माझी सगळी नोकरी नागपुरात प्राणिशास्त्र शिकवण्यात गेली. सारख्यातून निराळं कसं निघतं, या प्रश्नाने मला जेवढं धरून ठेवलं तेवढं दुसऱ्या कुठल्याच प्रश्नाने नाही.

प्रश्न : मॅडम, आमच्या जुळ्या मुली पाच वर्षांच्या आहेत. एकाच वारेवरच्या, अगदी एकसारख्या. जन्मली तेव्हा एक दोन किलो शंभर ग्रॅमची होती, दुसरी एक किलो आठशेची. आजही शाळेत बाई रिबिनीच्या रंगावरून ओळखतात. पण अंबाझरीच्या बागेत गेलं की थोरली अनोळखी पोरांत शिरून घसरगुंडीला नंबर लावते आणि धाकटी माझी ओढणी धरून नुसती बघत उभी राहते. सासूबाई म्हणतात, तू धाकटीला जास्त कडेवर घेतलंस म्हणून ती अशी झाली. खरंच माझ्या हातून दुजाभाव झाला का? — एक आई, मनीषनगर

तुमच्या हातून दुजाभाव झालेला नाही. हे मी नुसता धीर द्यायला म्हणत नाही. यामागे फार देखणे प्रयोग आहेत आणि ते तुम्ही सासूबाईंनाही वाचून दाखवावेत, अशी माझी इच्छा आहे.

मेक्सिकोच्या ईशान्येला आणि टेक्सासच्या दक्षिणेला ॲमेझॉन मॉली नावाचा बोटभर लांबीचा मासा असतो. या जातीत सगळ्या माद्याच. पिलं व्हायला त्यांना जवळच्या दुसऱ्या जातीचा नर लागतो, पण त्याचे शुक्राणू अंड्याला वाढीची चालना देण्यापुरतेच. त्याची जनुकं पिलांत उतरत नाहीत. त्यामुळे आई, लेकी, नाती, सगळ्या जनुकांनी जवळजवळ एकच. १९३२ सालापासून हे माहीत आहे. तुमच्या मुलींचा प्रश्न विचारायला याहून चांगला प्राणी मिळणार नाही.

बर्लिनमध्ये डेव्हिड बिअरबाख, केट लास्कोव्स्की आणि मॅक्स वुल्फ यांनी नेमका तोच प्रश्न विचारला. पिलं जन्मल्याबरोबर वेगळी केली. प्रत्येकीला सारख्याच मापाची टाकी, तेच पाणी, तेवढंच खाणं. एवढा सारखेपणा आपल्या घरात कुणी कितीही ठरवलं तरी आणता येणार नाही. पिलं मोठी झाल्यावर त्यांची हालचाल मोजली, तर काही टाकीभर फिरणाऱ्या निघाल्या, काही एका जागी रेंगाळणाऱ्या. पुन्हा मोजलं तरी फिरणारी ती फिरणारीच. काही पिलांना सुरुवातीचे दिवस बहिणींच्या सोबतीत ठेवलं होतं, त्यांच्यातही फरक तेवढेच आढळले. हे २०१७ साली प्रसिद्ध झालं. मग २०२२ साली पुढचा निबंध आला. या वेळी जन्मल्या दिवसापासून दहा आठवडे पिलांवर कॅमेऱ्याची नजर होती. फरक पहिल्याच दिवशी दिसत होता आणि आठवडे जातील तसा तो वाढत गेला.

रक्त एक, घर एक, तरी स्वभाव दोन. जनुकं आणि परिस्थिती या दोन खात्यांत सगळा हिशेब बसवायची आपल्याला सवय आहे. इथे तिसरं खातं उघडावंच लागतं.

या तिसऱ्या खात्यात पहिली जमा योगायोगाची. गर्भात चेतापेशी एकमेकींना जोडल्या जातात तेव्हा बारीकसारीक हजार गोष्टी इकडच्या तिकडे होतात. पॅरिसमध्ये बासेम हसन यांच्या गटाने २०२० साली फळमाशीत हे दाखवलं. तिच्या मेंदूत नजरेशी संबंधित काही पेशींची जोडणी डाव्या आणि उजव्या बाजूला सारखी नसते, आणि किती सारखी नाही हे दर माशीत वेगळं असतं. ही असमानता जितकी जास्त, तितकी माशी समोरच्या काळ्या पट्टीकडे सरळ चालते. अगदी एकाच जनुकसंचाच्या माश्यांतही हा फरक होता. माणसाच्या जुळ्यांचंही तसंच. आइसलँडच्या संशोधकांनी २०२१ साली दाखवलं, की एकसारख्या जुळ्यांतही वाढीच्या अगदी सुरुवातीला घडलेले जनुकीय बदल सरासरी पाचेक असतात, जे एकात असतात आणि दुसऱ्यात नसतात. शिवाय वार एक असली तरी रक्तपुरवठ्याची वाटणी बरोब्बर निम्मी-निम्मी होईलच असं नाही. तुमच्या मुलींच्या वजनात जन्मतःच तीनशे ग्रॅमचा फरक होता. तुम्ही त्यांना पहिल्यांदा कडेवर घेतलंत, तेव्हा त्या आधीच दोन वेगळ्या मुली होत्या.

दुसरी जमा मला त्याहून महत्त्वाची वाटते. ड्रेस्डेनचे गेर्ड केम्परमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच जनुकसंचाच्या ४० उंदीरमाद्या एका भल्यामोठ्या पिंजऱ्यात तीन महिने ठेवल्या. पिंजऱ्याला मजले, नळ्या, खेळायच्या वस्तू. प्रत्येकीच्या कातडीखाली एक चिप, म्हणजे ती कुठे कुठे गेली त्याची नोंद आपोआप. सुरुवातीला सगळ्यांचं फिरणं बरंचसं सारखं होतं, पण हळूहळू त्या पांगल्या. काही पिंजऱ्याचा कोपरान् कोपरा धुंडाळू लागल्या, काही ठराविक वाटेने जाऊ-येऊ लागल्या. शेवटी मेंदू तपासले, तर जास्त धुंडाळणाऱ्यांच्या हिप्पोकॅम्पस या भागात नव्या चेतापेशीही जास्त निघाल्या. आधी फिरणं की आधी पेशी, हे त्या प्रयोगावरून सुटत नाही. पण पिंजरा एकच असून जी फिरली तिला तो मोठा झाला, हे २०१३ सालच्या त्या निबंधातून मला स्वच्छ दिसलं.

अंबाझरीची बाग तुम्ही दोघींना सारखीच दिलीत. थोरलीने तिथे चार पोरांशी ओळख केली, भांडण केलं, गट्टी केली. धाकटीने कोण ढकलतं, कोण रडतं, कोण नंबर तोडतं ते पाहून ठेवलं. घरी परतताना दोघींकडे वेगवेगळी संध्याकाळ होती. अशा संध्याकाळी एकीवर एक साचत जातात, आणि त्या काही तुम्ही वाटलेल्या नसतात.

एवढं मात्र सांभाळा. ‘ही धीट, ती भित्री’ हे पाहुण्यांसमोर बोलू नका, आणि दुसऱ्यांनाही बोलू देऊ नका. आधी पाहून मग शिरणं याला भित्रेपणा म्हणत नाहीत. धाकटीला गर्दीत ढकलू नका. बागेत थोडं लवकर जा, पोरं कमी असताना तिला घसरगुंडी तिच्या मर्जीने मिळू द्या. आणि थोरलीला ‘बहिणीसारखी शांत बस’ हे एकदाही म्हणू नका.

प्रश्न : ताई, नमस्कार. आमची काटोलकडे संत्र्याची बाग आहे. एकाच नावाजलेल्या झाडाचे डोळे आणून जंबेरीवर भरले. नर्सरीवाला म्हणे, सारी झाडं एकसारखी निघतील. आता काही झाडं आंबिया बहाराला लदबदतात, काही नुसती हिरवी उभी. एकाच झाडाची लेकरं, मंग फरक काहून? — एक बागायतदार

वरच्या माशांची गोष्ट तुमच्या बागेत उभी आहे, दादा. वरचं झाड एकाच मायझाडाचं, पण खालचा जंबेरीचा खुंट, म्हणजे ज्या रोपावर डोळा बांधून कलम केलं ते, बियांपासून आलेला. त्या बियांतून बहुतेक रोपं जंबेरीच्या मायझाडासारखीच निघतात, पण मधूनच एखादं परागीकरणातून झालेलं वेगळं रोप असतं. चांगला नर्सरीवाला ती वेगळी दिसणारी रोपं उपटून टाकतो. घाईतला टाकत नाही. मग जमीन. काटोलकडच्या एकाच एकरात काळी माती कुठे हातभर खोल, कुठे कमरेइतकी, आणि खाली चुनखडी कुठे वर आलेली. त्यात पाणी साचून मुळं कुजली किंवा डिंक्या रोग लागला, की झाड बसलंच. डोळ्याबरोबर मायझाडाचा विषाणूही येऊ शकतो.

म्हणून आधी न फळणाऱ्या झाडांची जागा कागदावर मांडा. ती एका पट्ट्यात असतील तर दोष बहुधा जमिनीचा किंवा पाण्याचा. विखुरलेली असतील तर खुंटाचा किंवा डोळ्याचा संशय धरा, आणि पानं-मुळांचे नमुने घेऊन नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत दाखवा. एखाद्या फांदीला सतत निराळी आणि चांगली फळं येत असतील तर ती मात्र कापू नका. ब्राझीलमधल्या एका झाडाच्या फांदीत असाच बदल झाला आणि त्यातून बिनबियांचं नेव्हल संत्रं आलं.

प्रश्न : ताई, मी महालातला निवृत्त गणित शिक्षक. बुद्धी आणि स्वभाव ५० टक्के आनुवंशिक असतात असं वाचलं. म्हणजे नातवाची निम्मी बुद्धी घराण्याची आणि निम्मी शिकवणीची, असा अर्थ घ्यायचा का? ‘खाण तशी माती’ म्हणतात, ते कितपत खरं?

गुरुजी, असा अर्थ घ्यायचा नाही. तुम्ही गणिताचे, म्हणून आडवळण न घेता सांगते : तो आकडा कुठल्या एका मुलाचा नाहीच. एका समूहात मुलामुलांमध्ये जो फरक दिसतो, ज्याला तुम्ही व्हेरियन्स म्हणता, त्यातला किती वाटा जनुकांमधल्या फरकाशी जोडता येतो, एवढंच तो सांगतो.

आकडा आला कुठून तेही सांगते. २०१५ साली टिंका पोल्डरमान आणि सहकाऱ्यांनी जुळ्यांवरच्या पन्नास वर्षांच्या संशोधनाची बेरीज मांडली. १७,८०४ गुणधर्म, आणि सुमारे १ कोटी ४५ लाख जोड्या. त्यात त्याच जोड्या पुन्हा पुन्हा आलेल्या आहेत. सगळ्याची सरासरी काढली तर आनुवंशिकतेचा वाटा ४९ टक्के आला. काम प्रचंड आहे आणि मला त्याचा आदर आहे. पण वर्तमानपत्रात पोचेपर्यंत त्याची ‘निम्मं रक्त, निम्मे संस्कार’ अशी पुडी बांधली गेली.

हाताच्या बोटांचं उदाहरण घ्या. हाताला पाच बोटं असावीत हे जनुकंच ठरवतात, याबद्दल वाद नाही. आता नागपुरातल्या सगळ्या माणसांची बोटं मोजा. कुणाला चार असतील तर ते बहुतेक यंत्रात हात गेल्यामुळे, अपघातामुळे. म्हणजे बोटांच्या संख्येतला फरक जवळजवळ सगळा परिस्थितीचा, आणि आनुवंशिकतेचा आकडा शून्याच्या आसपास! जनुकांनी ठरवलेली गोष्ट, आणि आकडा शून्य. उलट बाजूने पाहा. एखाद्या गावात काही मुलं उपाशी, काही खातीपिती, तर उंचीतला बराच फरक अन्नाचा. पुढे सगळ्यांना पोटभर मिळायला लागलं की अन्नाचा फरक मिटतो, उरलेल्या फरकात जनुकांचा वाटा मोठा दिसतो, टक्का चढतो. एकाही मुलाचं जनुक बदललेलं नसतं.

शिकवणीचं म्हणाल, तर संगोपनाचा असर शरीरात खोल जातो याचे पुरावे आहेत. माँट्रियलमध्ये मायकेल मीनी यांच्या गटाने पाहिलं, की काही उंदीरमाद्या पिलांना खूप चाटतात, काही कमी. खूप चाटलेली पिलं मोठेपणी ताणाला कमी घाबरतात. पिलांची अदलाबदल केली तर ती जन्म देणारीसारखी होत नाहीत, वाढवणारीसारखी होतात. त्या स्पर्शाच्या खुणा ताणाशी संबंधित एका जनुकावर रासायनिक रूपात सापडल्या. हे २००४ सालचं काम. आणि १९८७ साली रॉबर्ट प्लोमिन आणि डेनिस डॅनियल्स यांनी एका निबंधात सरळ विचारलं : एकाच घरातली भावंडं इतकी निराळी का? स्वभावाच्या बाबतीत घरात सगळ्यांना सामाईक मिळणाऱ्या गोष्टींपेक्षा, ज्याच्या-त्याच्या वाट्याला एकट्याला येतं ते जास्त मोजावं लागतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

खाण तशी माती ही म्हण नातवाला लावायची, तर दोन घराण्यांच्या खाणी मोजाव्या लागतील, आणि दर अपत्यात त्यांची वाटणी निराळी होते. नातवाला गणित शिकवाच. निम्मं राहून जाईल या भीतीने मात्र हात आखडू नका.

प्रश्न : आमचा शेरू चौदा वर्षं घरात होता. दिवाळीआधी गेला. परदेशात कुत्र्याचा क्लोन करून देतात, असं मुलगा सांगतो. तो आमचा शेरूच असेल का? — धंतोली

शेरू गेला याचं मला मनापासून वाईट वाटतं. चौदा वर्षांची सोबत लहान नव्हे.

तो शेरू असणार नाही. २२ डिसेंबर २००१ रोजी टेक्सासमध्ये जगातलं पहिलं क्लोन मांजर जन्मलं, त्याचं नाव सीसी. ज्या मांजरीपासून ते घडवलं ती तिरंगी होती : पांढरी, काळी आणि नारिंगी. सीसीच्या अंगावर नारिंगीचा ठिपकाही नव्हता. मादी सस्तन प्राण्यांत प्रत्येक पेशीतल्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक बंद पडतं, आणि कुठलं ते वाढीच्या सुरुवातीला योगायोगाने ठरतं. मेरी लायन यांनी १९६१ साली ही कल्पना मांडली होती. मांजराच्या नारिंगी रंगाचं जनुक या एक्सवरच असतं. सीसी ज्या पेशीपासून झाली तिच्यातला नारिंगी रंगाचा एक्स बंद होता, तो पुन्हा उघडला नाही. शेरू नर होता, त्यामुळे रंगाची ही अडचण त्याच्या बाबतीत नाही. पण रंगासारखी उघड गोष्टही जिथे जनुकांची प्रत काढून हाती येत नाही, तिथे गेटची कडी वाजण्याआधी उठून बसणं, सुनेच्या पायाशीच झोपणं, हे कुठून येणार? ते त्या घरात चौदा वर्षं राहून झालेलं होतं. घरात पुन्हा कुत्रा हवा असेल तर गल्लीतलं एखादं पिलू आणा आणि त्याला नवं नाव द्या.

प्रश्न : मुलगा नववीत आहे. एका शिबिरात दहा बोटांचे ठसे घेऊन त्याचा मेंदू, कल, करिअर सांगणारी चाचणी होती. काही हजार रुपये मागतात. ठसे जन्मापासून बदलत नाहीत, म्हणून निकाल पक्का, असं ते म्हणतात. करावी का? — एक वडील, नंदनवन

करू नका. बोटांच्या ठशांवरून बुद्धी, कल किंवा करिअर सांगता येतं याला शास्त्रीय आधार नाही. आईवडिलांच्या काळजीवर असा धंदा चाललेला पाहून मला संताप येतो, आणि तो लपवायचं मला कारण दिसत नाही.

ठसे बदलत नाहीत हे खरं. माणूस ओळखायला ते इतके उपयोगी, की जगातली पहिली ठसे-कचेरी १८९७ साली आपल्या कलकत्त्यात उघडली. ठशांचं वर्गीकरण बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांचा मोठा हात होता. पण ओळख पटवणं वेगळं आणि भविष्य सांगणं वेगळं.

ठसे कसे होतात ते बघा. गर्भाच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बोटाच्या कातडीवर रेषा उमटायला लागतात. एडिनबरामधल्या डेनिस हेडन यांच्या गटाने २०२३ साली दाखवलं, की त्या बोटाच्या मध्यावरून, नखाच्या बाजूने आणि खालच्या घडीकडून अशा तीन ठिकाणांहून लाटांसारख्या पसरतात. लाटा जिथे भेटतील तसा कमान, चक्र किंवा फास असा नमुना तयार होतो. बोटाचा उंचवटा किती, लाट कधी सुरू झाली, अशा गोष्टींवर ते ठरतं. ढोबळ नमुना घराण्यात बराचसा उतरतो, बारकावे नाहीत. म्हणून एकसारख्या जुळ्यांचे ठसेही वेगळे असतात. मनीषनगरच्या त्या दोघी मुलींचेसुद्धा वेगळेच असणार.

म्हणजे ज्या गोष्टीत योगायोगाचा एवढा हात, तिच्यावरून तुमचा मुलगा वकील होणार की इंजिनिअर, हे सांगायला निघालेत. प्रत्येक बोट मेंदूच्या एकेका भागाचं, असा त्यांचा तक्ता असतो. मेंदूशास्त्रात तसा तक्ता नाही. त्या पैशात मुलाला दोन-तीन ठिकाणी घेऊन जा. रामन विज्ञान केंद्रात एक पूर्ण दिवस, एखाद्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये एक सुटी, कुणा वकिलाबरोबर कोर्टात एक सकाळ. तो कुठे आपणहून दुसऱ्यांदा जायचं म्हणतो ते बघा.

प्रश्न : मॅडम, मी एमएस्सी प्राणिशास्त्र पहिल्या वर्षाला आहे, मूळची गोंदियाची. प्राण्यांच्या स्वभावावर प्रोजेक्ट करायचा आहे, पण आमच्याकडे महाग उपकरणं नाहीत. आणि पुढे यातच काम करायचं तर प्राणिशास्त्र धरू की मानसशास्त्र?

तुझं पत्र सगळ्यांत शेवटी ठेवलं, कारण त्याला सवडीने उत्तर द्यायचं होतं.

उपकरणांचं सोड. बंगळुरूमध्ये राघवेंद्र गदगकर यांनी रोपॅलिडिया मार्जिनाटा नावाच्या गांधीलमाशीवर आयुष्यभर काम केलं. तांबूस, बारीक कमरेची ही माशी आपल्याकडे छज्जाखाली, खिडकीच्या कोपऱ्यात कागदासारखं उघडं घरटं करते. १९८३ साली त्यांनी आणि एन. व्ही. जोशी यांनी दाखवलं, की एकाच घरट्यातल्या माद्या तीन गटांत पडतात : बसून राहणाऱ्या, भांडणाऱ्या आणि अन्न आणणाऱ्या. दिसायला सगळ्या सारख्या. राणीसुद्धा दिसण्यावरून ओळखू येत नाही, आणि या जातीत ती बसून राहणाऱ्यांतली असते! राणीला काढून घेतलं की एकच माशी एकदम आक्रमक होते, बाकीच्या तिला मानतात आणि ती पुढची राणी होते.

मी शिकवत होते तेव्हा आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीत असं घरटं होतं. विद्यार्थ्यांनी माश्यांच्या पाठीवर चटकन वाळणाऱ्या रंगाचे ठिपके दिले होते. लाल ठिपक्याची सकाळपासून अळ्यांचा लगदा घेऊन येत होती. ती घरट्यावर टेकली की निळ्या ठिपक्याची धावून तिच्या तोंडातून अर्धा ओढून घ्यायची. पिवळी घरट्याच्या मागच्या बाजूला पंख मिटून बसलेली; दुपारी कूलरची मोटार बंद होऊन खोली भट्टीसारखी झाली, तेव्हा उठून पंखांनी वारा घालायला लागली आणि मग परत बसली. दुसऱ्या दिवशीही लाल बाहेर, निळी पुढे, पिवळी मागे. ज्या मुलीने ती वही भरली, ती त्यानंतर कधी ‘सगळे किडे सारखेच’ म्हणाली नाही.

तू असं कर. घरटं हाताच्या उंचीवर असेल तर ते सोड, डंख बसतो. दोन मीटरवर बसून दिसेल असं निवड. ठिपके देणं माहीतगार शिक्षकासमोरच, आणि ॲलर्जी असेल तर नकोच. दर पाच मिनिटांनी प्रत्येक माशी काय करते ते लिही. हेच आठवड्याने पुन्हा, त्याच वेळेला. एकदा पाहिलेलं हा प्रसंग झाला; पुन्हा पुन्हा तसंच दिसलं तर स्वभाव म्हणायचा. या सातत्याला आकडा असतो : एकूण फरकातला किती भाग माशी-माशीतला आहे. २००९ साली ॲलिसन बेल आणि सहकाऱ्यांनी अनेक जातींवरचे अभ्यास एकत्र केले, तेव्हा सरासरी ०.३७ आली. तुझी ०.२ आली तरी छापण्यासारखी आहे. ०.९ आली तर मात्र आधी वही तपास.

आता दुसरा प्रश्न. जर्मनीत बिलेफेल्ड आणि म्युन्स्टर या दोन विद्यापीठांनी २०१८ पासून याच विषयावर मोठा संयुक्त प्रकल्प चालवला. त्यात वर्तन पाहणारे, उत्क्रांतीवाले, गणिती आणि तत्त्वज्ञान शिकवणारेही आहेत. प्राणी आपल्याला मानवेल ती जागा निवडतो, जागेप्रमाणे स्वतः बदलतो, किंवा जागाच बदलून घेतो, अशा तीन वाटांनी त्यांनी विषय मांडला. म्युन्स्टरचे नॉर्बर्ट साक्सर यांचे गिनीपिग या दुसऱ्या वाटेचं चांगलं उदाहरण. मोठ्या कळपात वाढलेला नर अनोळखी नराला शांतपणे सामोरा जातो. एकाच मादीबरोबर वाढलेला भांडतो आणि त्याच्या रक्तात ताणाचं संप्रेरक चढतं. जन्मापासून नव्हे, वयात येतानाच्या काळात हे घडतं. किशोरवयीन मुलांबरोबर काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाला हे वाचून काय काय विचारावंसं वाटेल, तू कल्पना कर. तत्त्वज्ञ तिथे कशाला, असं मलाही विद्यार्थी विचारतात. ‘स्वभाव’ म्हणजे नेमकं काय मोजायचं, हे पाच लोकांनी पाच तऱ्हांनी ठरवलं तर पाचांचे आकडे जुळत नाहीत; ते भांडण सोडवायला.

म्हणून प्राणिशास्त्रच धर, पण सांख्यिकी मन लावून शीक. आपल्या मुली तिथे बिचकतात आणि मग चांगल्या नोंदी वहीतच राहतात. मानसशास्त्र विभागातली एखादी मैत्रीण जोड, तिच्या विषयातल्या चाचण्या कशा बांधतात ते बघ. पाऊस सुरू झाला की छज्जे बघत फिर. पहिल्या दोन आठवड्यांच्या नोंदी झाल्या की संपादकांच्या पत्त्यावर त्यांच्या झेरॉक्स पाठव. प्रत्येक माशीची ओळ वेगळी ठेव, बेरीज करून पाठवू नकोस.